बाहेरून लावलेलं कुलूप

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल हसावं. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसावं.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. अमावास्या असते, पिंपळ असतो, लांब कुठेतरी कुत्री रडतात. ही तसली नाही. ही बीडमधल्या एका ऑफिसातली आहे आणि जे घडलं ते टळटळीत उन्हात, दुपारी घडलं. तारीखही सांगतो. ३ मे २०२१, सोमवार. तिथून पुढचे चार दिवस.

जिच्यासोबत घडलं ती गंगासागर, माझी मावसबहीण. तिने हे मला एकदाच सांगितलं. म्हणाली, "संस्थेचं नाव घेऊ नको. बाकी काय बी लपवू नको."

म्हणून काहीच लपवत नाही.

एका शिक्षण संस्थेचं ते मुख्य कार्यालय. दुसरा मजला, इमारतीच्या मागच्या अंगाला. जिना चढून आलं की लोखंडी चॅनल गेट, गेटाच्या आत मोठा हॉल, चौदा टेबलं, आणि टोकाला साहेबांची काचेची केबिन. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद केलेल्या. गंगासागर तिथे सोळा वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळत होती. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. वय त्रेचाळीस. लहानपणापासूनचा दमा. पर्समध्ये कुंकवाची डबी एक वेळ नसेल, पण दम्याचा पंप असायचाच.

आणि तिथले हेडक्लार्क होते धोंडप्पा. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे.

सत्तावन्न वर्षांचे. पांढरा शर्ट, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, बोलणं हळू. आठ वर्षांपूर्वी आप्पांची किडनी बदलली होती. बायकोने, वत्सलाबाईंनी, स्वतःची एक काढून दिली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दीत जायचं नाही आणि ठरल्या वेळी पाणी चुकवायचं नाही. म्हणून आप्पांनी ऑफिसच्या कोपऱ्यात एक माठ आणून ठेवला. अकराला एक तांब्या, साडेबाराला एक, दोनला एक. पाणी प्यायले की तांब्या माठाच्या झाकणावर पालथा घालायचे. ऑफिसातलं घड्याळ चुकायचं, आप्पा चुकायचे नाहीत.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा आप्पांनी अर्ज दिला. डॉक्टरांचं पत्र जोडलं. किडनी बदललेली आहे, अंगात ताकद नाही, घरून काम करू द्या.

ऑफिस चालवायचे ते प्रविणसाहेब. संस्थाचालकांचे पुतणे. वय अडतीस, तब्येत खणखणीत.

"जीव काय तुम्हालाच आहे का, आप्पा?" ते म्हणाले. "आम्ही काय दगडाचे?"

अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. आप्पांनी दुसरा दिला. मग तिसरा. साहेब प्रत्येक वेळी म्हणाले, बघू.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांना ताप भरला. एकोणीस एप्रिलला आप्पा गेले.

आप्पा लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. आप्पांना पिशवीत बांधून नेलं आणि परस्पर अग्नी दिला. वत्सलाबाईंना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

त्याला तेरा दिवस झाले आणि रविवारी संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. 'उद्यापासून सर्वांनी कार्यालयात हजर राहावे. मान्यतेची फाईल महिनाअखेर जायची आहे. कोणतेही कारण चालणार नाही.'

सर्वांनी म्हणजे कुणी, ते गंगासागरला सोमवारी सकाळी कळलं. ज्यांचा कुणी ना कुणी वशिला होता ते घरीच होते. कुणाचा मामा पुढारी, कुणाचा साडू अधिकारी. चौदा टेबलांपैकी दोनच भरली. एक गंगासागरचं. दुसरं शिवांजलीचं.

शिवांजली कॉम्प्युटरवर बसायची. सत्तावीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, सातवा महिना. नवरा पुण्याला कंपनीत अडकलेला. गरोदर बाईला बोलवायचं नाही असं सरकारचं पत्र होतं. ते गंगासागरने स्वतः आवक रजिस्टरला नोंदवून साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. त्या पत्राचं पुढे काय झालं ते साहेबांनाच ठाऊक.

तिसरा धुळाजी. ऑफिसचा शिपाई. पिढीजात मेंढरं राखणारं घर, पण टीबीने एक फुफ्फुस निकामी झालं आणि मेंढरांमागे पळणं सुटलं, म्हणून हा शिपाई झाला.

दोघी आत आल्यावर धुळाजीने बाहेरून गेट ओढलं आणि हातात कुलूप घेतलं.

"हे काय, धुळाजीभाऊ?"

"साहेब म्हनले, बाहेरून लाव." त्याची नजर जमिनीवर होती. "लाकडाऊन हाय. पोलिसाची गाडी आली तर हापिस बंद दिसाया पायजे."

"आन आत काय झालं तर?"

"म्या खाली लिंबाखालीच हाय, ताई. फोन करा. लगेच येतो."

कुलूप लागलं. धुळाजीने तीनदा ओढून पाहिलं आणि जिना उतरून गेला.

दोघी कामाला लागल्या. शिवांजली टायपिंगला बसली. गंगासागर रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायली काढत होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एसीची घरघर तेवढी चालू.

साडेबारा वाजले.

आणि माठाचं झाकण सरकल्याचा आवाज आला…

मग तांब्या पाण्यात बुडल्याचा.

मग कुणीतरी पाणी प्यायल्याचा. घट… घट… घट…

"शिवा, येताना मला बी आन गं पानी," गंगासागर आतून म्हणाली.

"ताई, मी कुठं उठलेय?"

गंगासागर बाहेर आली. शिवांजली खुर्चीतच होती, बोटं कीबोर्डवर. दोघींनी एकदमच कोपऱ्याकडे पाहिलं.

माठाच्या झाकणावर तांब्या पालथा होता.

त्याच्या कडेवरून पाण्याचा एक थेंब ओघळला… आणि फरशीवर पडला.

 दोघी काही बोलायच्या आधीच गेटाकडून आवाज आला.

खण्ण…

कुलूप उघडून पायरीवर पडलं होतं. गेट दोन वीत सरकलेलं. जिन्यात कुणी नव्हतं.

आवाज ऐकून धुळाजी धापा टाकत वर आला. कुलूप उचलून त्याने खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

"म्या सोता लावलं व्हतं, ताई. तीनदा ओढलं व्हतं."

"मी बघितलंय," गंगासागर म्हणाली. "कुलूप जुनं असंल."

पण तिघांच्याही मनात एकच नाव होतं. ते कुणीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हुकमाने नवं कुलूप आलं. मुठीएवढं. धुळाजीने ते लावलं, ओढलं, लोंबकळूनसुद्धा पाहिलं.

त्या दिवशी गंगासागरने एक केलं. बाराच्या सुमाराला ती रेकॉर्डची खोली सोडून हॉलमध्ये येऊन बसली. आप्पांच्या टेबलासमोर. तोंड माठाकडे करून.

साडेबाराला दोन मिनिटं असताना एसी थांबला. लाईट गेली म्हणावं तर पंखा फिरत होता. पण पंख्याचाही आवाज नव्हता. वळचणीला दिवसभर घुमणारी कबुतरं गप्प झाली. शिवांजलीची बोटं कीबोर्डवर पडत होती, तरी टकटक ऐकू येत नव्हती. जणू कुणी ऑफिसच्या तोंडावर हात ठेवला होता.

आणि त्या शांततेत, गंगासागरच्या अगदी समोर, कुणीतरी घसा खाकरला.

हळू… एकदाच.

आप्पा कुणाशी बोलण्याआधी असंच खाकरायचे.

गंगासागर सांगते, भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. राग. जिवंतपणी या माणसाने तीनदा हात जोडून घरी जाऊ द्या म्हटलं, आणि मेल्यावरसुद्धा हा ड्युटीवरच?

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली. "तुमी हाव का?"

ती टेबलावर पुढे झुकली.

"कावून आलात? तुमाला तरी आता कोन बोलवतंय?"

समोरची खुर्ची मागे सरकली… एखादा माणूस उठून उभा राहावा तेवढीच.

मग गेटाकडे खण्ण.

मुठीएवढं कुलूप पायरीवर पडलं होतं. एसीची घरघर पुन्हा सुरू झाली. शिवांजली दोन्ही हात पोटावर घट्ट धरून रडत होती.

गंगासागरने तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, गेटाला कुलूप लावू नका. हिची अवस्था बघा. कवा काय होईल सांगता येत न्हाई."

"आणि ते भूत उघडतंय म्हणे कुलूप?" साहेब हसले. धुळाजीने त्यांच्या कानावर घातलं होतं तर. "ताई, सुट्टी पाहिजे तर सरळ मागा. मेलेल्या माणसाच्या नावानं कशाला मागता? मागितली तरी मिळणार नाही म्हणा."

बुधवार, पाच मे.

सकाळी धुळाजीने कुलूप लावलं. यावेळी दोन. एक वर, एक खाली. तो लिंबाखाली जाऊन बसला नाही तोच साहेबांची गाडी आली. चौसाळ्याला काही सामान पोचवायचं होतं, हाताखाली माणूस पाहिजे होता. धुळाजी म्हणाला, वर बाया हायत, किल्ली कुणाकडं देऊ? साहेब म्हणाले, तासाभरात येतोय, बस गाडीत.

दोन्ही किल्ल्या खिशात घेऊन धुळाजी गाडीत बसला.

वर दोघींना याची खबरही नव्हती.

अकरा वाजता लाईट गेली. एसी बंद. पंखे बंद. मे महिन्यातलं बीड, पत्र्याचं छत, खिडक्या पक्क्या बंद. अर्ध्या तासात हॉल भट्टीसारखा तापला. माठातलं होतं नव्हतं ते पाणी दोघींनी पिऊन संपवलं.

बारा वाजता शिवांजली उठली आणि भिंत धरून खाली बसली.

"ताई, डोळ्यांपुढं अंधार येतोय. पोटात कळ मारतेय."

तिच्या पायांवर सूज होती. ओठ पांढरे पडले होते.

गंगासागरने धुळाजीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. गाडी मांजरसुंब्याच्या घाटात होती, पण हे तिला तेव्हा कुठलं माहीत. साहेबांना लावला. वाजून वाजून बंद झाला. अॅम्ब्युलन्सला लावला. गाड्या सगळ्या पेशंट घेऊन गेल्यात, नंबर लावून ठेवतो, असं उत्तर आलं. गेटाच्या गजांना धरून ती ओरडली. गेटावर तांब्या आपटला. इमारतीचा वॉचमन रात्रपाळीचा, पाच वाजल्याशिवाय यायचा नाही. मागच्या बोळात एक कुत्रं तेवढं मान वर करून बघून गेलं.

ओरडण्याने तिचाच दम लागला. छातीत शिट्टी वाजायला लागली. पर्समधून पंप काढून तोंडात दाबला.

फुस्स… रिकामा.

सकाळी निघताना घाईत जुनाच उचलला होता.

ती गेटापाशी मटकन बसली. श्वास आत जाईना. मागे शिवांजली कण्हत होती. गंगासागर सांगते, तेव्हा मरणाची भीती राहिली नव्हती. एकच विचार होता. उद्या साहेब ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकतील. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' आप्पांना टाकलं तसं.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, ओठ हलले फक्त. "अशी न्हाई मरनार मी. ह्यांच्या फायलीपायी न्हाई."

तेव्हा जिन्यात पाऊल वाजलं.

खालच्या पायऱ्यांवर… एक.

मग दुसरं… सावकाश. जिना चढताना दम लागणाऱ्या माणसाचं. प्रत्येक वळणावर थांबणारं.

पाऊल गेटासमोर येऊन थांबलं.

उन्हाने उजळलेला जिना तिला पूर्ण दिसत होता. तिथे कुणीही नव्हतं. फक्त हवेत भस्माचा वास होता. ताज्या, नुकत्याच पाण्यात कालवलेल्या भस्माचा.

वरचं कुलूप थरथरलं. खट्.

खालचं थरथरलं. खट्.

आणि चॅनल गेट, जे उघडायला धुळाजीला दोन्ही हात लावावे लागत, ते कर्रकर्र करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकलं. गार वाऱ्याची एक झुळूक आत आली. गंगासागरच्या छातीत श्वास शिरला.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. शिवांजलीला काखेत धरून ती जिना उतरली. हमरस्त्याच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान तेवढं उघडं होतं. दुकानदाराने आधी तिला पंप दिला आणि मग दोघींना स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. शिवांजलीचं बीपी डोक्याला भिडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर दोन जीव गेले असते.

संध्याकाळी सहाला साहेबांचा ग्रुपवर मेसेज आला. 'कामाच्या वेळेत न सांगता कार्यालय उघडे टाकून निघून जाणे गंभीर आहे. उद्या दहा वाजता खुलासा द्यावा.'

गंगासागरने मेसेज दोनदा वाचला. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून फोन तोंडाजवळ धरला. तो आवाज ग्रुपवरच्या सगळ्यांनी ऐकला. माझ्याकडेही तो अजून आहे.

"साहेब, खुलासा आत्ताच घ्या. उद्या मी येनार न्हाई. शिवांजली येनार न्हाई. धुळाजीभाऊ बी येनार न्हाई, त्यांनी किल्ल्या तुमच्या वॉचमनकडं दिल्यात. तुमी आमाला जनावरावानी कोंडलं. आप्पांनी तीन अर्ज दिले, तुमी एकावर सही केली न्हाई. आमी तिघांनी बी अर्ज लिहून तुमच्या टेबलावर ठेवायला दिलेत. सही करा न्हाईतर करू नका. आमी घरी बसलो. काढायचं तर काढून टाका. मेल्यावर हजर राहन्यापरीस जित्तेपनी गैरहजर राहिलेलं बरं."



मग घरी बसलेल्यांपैकी एकाने लिहिलं, ताईंचं बरोबर आहे. मग दुसऱ्याने. रात्रीपर्यंत अकरा जणांनी.

गुरुवारी सहा तारखेला साहेब चिडून एकटेच ऑफिसला गेले. तिघांना कामावरून काढल्याची पत्रं स्वतः टाईप करणार होते. धुळाजी नव्हता म्हणून रात्रपाळीच्या वॉचमनला त्यांनी दिवसाही खाली थांबवून घेतलं होतं. दहाच्या सुमाराला त्याने त्यांना जिना चढताना पाहिलं. गेट त्यांनी स्वतः उघडलं आणि उघडंच ठेवलं. कुलपं आणि किल्ल्या बरोबर आत नेल्या. हे नंतर वॉचमनने सगळ्यांना शपथेवर सांगितलं.

दुपारी चार वाजता धुळाजीचा फोन वाजला. ऑफिसचा लँडलाईन नंबर. त्याने हॅलो हॅलो केलं. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. फक्त कागद सळसळल्याचा आवाज येत होता…

एकामागून एक. थांबतच नव्हता.

धुळाजीला राहवलं नाही. जाणार नाही म्हणून शब्द दिला होता, तरी माणूस म्हणून निघाला. वाटेत त्याने गंगासागरला बोलावून घेतलं.

गेट बंद होतं. दोन्ही कुलपं लागलेली होती. बाहेरून.

वॉचमन खालून हललाच नव्हता. वर कुणी गेलं नव्हतं. त्याच्याकडून हातोडा आणून धुळाजीने दोन्ही कुलपं तोडली. आत गेले तर साहेब काचेच्या केबिनमध्ये स्वतःच्या खुर्चीत ताठ बसलेले. एसी चालू, तरी शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. दोन्ही किल्ल्या समोर टेबलावर. शेजारी तिघांचे अर्ज.

तिन्हींवर सही होती. 'मंजूर.' अक्षर साहेबांचंच, पण पहिलीच्या पोराने गिरवावं तसं वेडंवाकडं.

"साहेब?" गंगासागर म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"जाऊ का मी?" त्यांनी विचारलं. तिला विचारलं की आणखी कुणाला, ते तिला आजही सांगता येत नाही.

ते उठले, भिंतीच्या कडेकडेने गेटापर्यंत गेले आणि जिना उतरले. परत त्या ऑफिसात आले नाहीत. आठवड्याने संस्थेचं पत्र आलं. आजारी, गरोदर, वयस्क, कुणीही येऊ नये. सगळ्यांनी घरून काम करावं. शिवांजलीला जूनच्या शेवटी मुलगी झाली. ठणठणीत. नाव ईश्वरी. धुळाजीने तिला कुंची आणि धुवट लोकरीचं घोंगडं नेऊन दिलं.

ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा गंगासागर पहिल्याच दिवशी वत्सलाबाईंना बरोबर घेऊन गेली. वत्सलाबाई आप्पांच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. जेवायला बोलवावं तशा म्हणाल्या, "चला आता. लई झालं. घरी चला."

त्यानंतर साडेबाराला कधी काही वाजलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. गंगासागरलाही तसंच वाटत होतं.

पण २०२३ च्या डिसेंबरात ती उमापूरला एका लग्नाला गेली. दुपारची जेवणं चालू होती. मांडवाच्या बाहेर, ऐन उन्हात, एकटा माणूस खुर्ची टाकून बसला होता. लोक आत बोलवत होते, तो जात नव्हता. जवळ गेल्यावर तिने ओळखलं. प्रविणसाहेब. चाळिशीतच साठीचे दिसत होते.

त्यांनीही तिला ओळखलं. उठून उभे राहिले. ती जाऊ लागली तेव्हा म्हणाले, "ताई, त्या दिवशीचं कुणालाच सांगितलं नाही मी. तुम्हाला सांगू?"

ती थांबली.

"आप्पा आले होते. समोर उभे राहिले. हातात अर्ज होता. मी भीत भीत सही केली. म्हटलं, आता जातील."

"मग?"

"ते बाजूला सरकले. तर त्यांच्या मागे आणखी एक जण होता."

मांडवात वाजंत्री चालू होती. तरी गंगासागरला त्यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

"त्याच्याही हातात अर्ज. त्याच्या मागे एक बाई. तिच्या मागे आणखी. हॉल भरला होता, ताई. रांग गेटातून बाहेर जिन्यापर्यंत गेली होती. कुणी काही बोलत नव्हतं. फक्त कागद पुढं करायचे."

"आपल्या हापिसातली मान्सं व्हती?"

"आप्पा सोडले तर एकही नाही. मी एकालाही ओळखत नव्हतो. कुठल्या कुठल्या ऑफिसची, कुठल्या गावची, काय माहीत. मी सह्या करत गेलो. दुपारभर करत गेलो."

गंगासागरला या माणसाची कीव करायची नव्हती. तिने केलीही नाही. तिने सरळ विचारलं, "समद्यांच्या केल्या का?"

साहेबांनी मान खाली घातली.

"पेन संपलं," ते म्हणाले.